लिव्हर-ॲक्शनवर स्कोप नको असेल तर: आयर्न साईट कशी निवडायची

आधीच सांगतो, हे सगळं अमेरिकेतलं आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार बंद आहे आणि ते बरंच आहे, पण इकडे पेनसिल्व्हेनिया, मिशिगन वगैरे भागात हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला दर वर्षी रीतसर सीझन असतो, लायसन्स असतं, पहिल्यांदा लायसन्स काढताना कोर्स करावा लागतो, आणि आता बरीच मराठी मंडळीसुद्धा ऑफिसातल्या लोकांबरोबर जायला लागली आहेत. (एच-वनवर असाल तर बंदूक हातात घेण्याआधी वकिलाला विचारा. व्हिसावर असणाऱ्यांना फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, हंटिंग लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते, पण हे ऐकीव माहितीवर करायचं काम नाही.) अशा मंडळींच्या हातात पहिली रायफल येते ती बहुतेक वेळा लिव्हर-ॲक्शन (ट्रिगरभोवतीची दांडी खालीवर करून काडतूस भरायची रायफल), म्हणजे विंचेस्टर 94 नाहीतर मार्लिन 336, काडतूस .30-30. कोणाच्या तरी सासऱ्याची नाहीतर सेकंडहँड घेतलेली. आणि मग प्रश्न येतो की यावर नेम धरायला लावायचं काय.

दुकानात विचारलं की पहिलं उत्तर स्कोप, म्हणजे दुर्बीण. स्कोप वाईट नाही, पण लिव्हर-ॲक्शनची रचनाच स्कोपच्या विरोधात आहे. विंचेस्टर 94 ची डिझाईन जॉन ब्राउनिंगची, 1894 ची, तिच्यात रिकामं काडतूस वरून उडतं. 1980 च्या दशकात कंपनीने ते थोडं बाजूला फेकणारं मॉडेल काढलं, त्याआधीच्या रायफलला स्कोप लावायचा तर तो डाव्या बाजूला सरकवून लावावा लागायचा, ते दिसायलाही विचित्र आणि वापरायलाही. मार्लिनचं काडतूस पहिल्यापासून बाजूने बाहेर पडतं, वरचा भाग बंद, म्हणून तिच्यावर स्कोप सहज बसतो. तरी दोन्हींचा दस्ता जुन्या पद्धतीने खाली उतरता केलेला असतो, म्हणजे गाल टेकवला की डोळा नळीच्या जरासाच वर येतो, स्कोप त्याच्याहून वर राहतो आणि मग मान उचलून बघावं लागतं. त्यात ही रायफल एका हातात बरोबर रिसीव्हरखाली (नळीच्या मागचा, काडतूस भरायची यंत्रणा असलेला भाग) पकडून दिवसभर जंगलात चालायला बनवलेली आहे आणि स्कोप नेमका तिथेच, हाताच्या आड.

तर आयर्न साईट. म्हणजे काच नाही, बॅटरी नाही, मागे एक आणि पुढे एक धातूचा तुकडा, दोन्ही जुळवून नेम धरायचा. ऐकायला सोपं आहे. त्रास डोळ्याचा असतो.

डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. फॅक्टरीतून येणारी साईट असते तिला सेमी-बकहॉर्न म्हणतात, नळीवरच बसवलेली एक पट्टी, दोन्ही बाजूंनी शिंगांसारखी वर वळलेली, मध्ये छोटी खाच. आता बघा, ही खाच डोळ्यापासून साधारण 15 इंचांवर, नळीच्या टोकाजवळचा मणी (हीच पुढची साईट) त्याच्याही पुढे 15 इंचांवर, आणि हरीण 70 यार्डांवर. तिन्ही एकदम स्पष्ट दिसणं शक्यच नाही. विशीतला डोळा तिन्हींच्या मध्ये इतक्या झपाट्याने उड्या मारतो की त्याला वाटतं सगळंच स्पष्ट आहे. चाळीशी लागली की मागची खाच आधी जाते, ती नुसती राखाडी धुरकट दिसते, आणि मग माणूस म्हणतो रायफल नीट मारत नाही. रायफल मारते हो बरोबर. फक्त खाचेत मणी किती खोल बसलाय ते कळत नसल्यामुळे गोळी वरखाली जाते.

नेम धरताना बघायचं असतं पुढच्या साईटकडे. हरीण थोडं धूसर चालेल, मागची साईट धूसर चालेल, पुढचा मणी मात्र स्वच्छ पाहिजे. म्हणून मागची साईट अशी निवडायची की जिच्याकडे डोळ्याला लक्ष द्यावंच लागू नये. माझ्या मते सगळी निवड या एका गोष्टीवर ठरते, बाकी कंपनी, पितळ की काळं, जुन्या पद्धतीचं की नव्या, हे सगळं नंतर.

हे काम सगळ्यात चांगलं करते पीप साईट. म्हणजे मागे खाच नाही, एक गोल भोक, आणि ते नळीवर नसून रिसीव्हरच्या मागच्या टोकाला, डोळ्याच्या जवळ. दाराच्या भोकातून बाहेर कोण आलंय बघताना आपण भोकाकडे बघत नसतो, तसंच. भोक धूसरच दिसतं, दिसू द्यायचं, डोळा आपोआप त्याच्या मध्याशी येतो कारण मध्यातून उजेड जास्त येतो. तुम्ही फक्त मणी हरणावर ठेवायचा. तीन गोष्टींच्या दोन झाल्या. शिवाय लहान भोकातून बघितलं की फोकसची खोली वाढते, कॅमेऱ्याचं ॲपर्चर कमी केल्यावर होतं तेच, त्यामुळे मणी आणि हरीण दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. चाळीशीवाल्यांना आणि थोडा ॲस्टिग्मॅटिझम असलेल्यांना याचा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं, आपल्या कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने 2010 ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, दोघेही 50 मीटर रायफलवाले, आणि त्या प्रकारात दुर्बिणीला परवानगीच नाही, सगळं पीपवरच. तेव्हा पीपला अचूकता नाही असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. फरक इतकाच की त्यांचं भोक बारीक असतं कारण समोर पांढऱ्या कागदावर काळं टार्गेट असतं आणि उजेड भरपूर असतो. जंगलात तसलं बारीक भोक लावलं की पहाटे काहीच दिसत नाही. लोकांचं पीपबद्दलचं मत खराब होतं ते इथेच, टार्गेटची डिस्क, म्हणजे बारीक भोकाची चकती, लावून शिकारीला जातात, अंधार दिसतो, आणि मग परत खाचेवर येतात.

शिकारीला भोक मोठं हवं. डिस्क स्क्रूने बसवलेली असते, ती काढूनच टाकायची आणि मागे उरलेल्या रिकाम्या गोल कड्यातून बघायचं, ही जुनी युक्ती आहे. मोठं भोक आणि पातळ कडा असं मुद्दाम बनवलं की त्याला घोस्ट रिंग म्हणतात, कारण बघताना कडं भुतासारखं विरून जातं. मनात येतं की एवढ्या मोठ्या भोकात मणी थोडा इकडेतिकडे असला तर गोळी कुठेच्या कुठे जाईल, पण डोळा मध्य फार चांगला पकडतो, हरणाच्या अंतरावर जो फरक पडतो तो आपल्या हाताच्या थरथरीत बुडून जातो. इकडे कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते, आणि हरणं नेमकी त्याच दोन अर्ध्या तासांत हलतात. भोकाचं माप त्या उजेडासाठी निवडायचं, सरावाच्या रेंजवरच्या दुपारच्या उन्हासाठी नाही.

आता थोडं गणित, फार नाही. मागच्या आणि पुढच्या साईटमधलं अंतर, त्याला साईट रेडियस म्हणतात. 20 इंची नळीवर फॅक्टरीची खाच असेल तर हे अंतर साधारण 15 इंच भरतं, पीप रिसीव्हरच्या मागे लावली की 24 च्या आसपास. समजा जुळवताना तुमची चूक झाली इंचाच्या शंभराव्या भागाची, म्हणजे पाव मिलिमीटर, डोळ्याला जाणवणारही नाही एवढी. 100 यार्ड म्हणजे 3600 इंच. 15 इंच रेडियसवर ही चूक तिथे जाऊन 2.4 इंच होते, 24 वर 1.5 इंच. तोच माणूस, तीच रायफल, तीच चूक.

या हिशोबाने टँग साईट सगळ्यात भारी वाटते, ती दस्त्याच्या मानेवर, घोड्याच्याही मागे उभी राहते, विल्यम लायमनने 1879 मध्ये पेटंट घेतलेली ही कल्पना आजही विकली जाते. रेडियस सगळ्यात लांब, दिसायला तर काय राजेशाही. पण अंगठा ठेवायला जागा अडते, आणि डोळ्याच्या इतकी जवळ असते की .45-70 सारख्या जोरात मागे मारणाऱ्या काडतुसावर मी ती कोणाला सुचवणार नाही. रेंजवर मजा करायची असेल, जुनी लांब नळीची रायफल असेल, तर जरूर लावा. चढउताराच्या जंगलात नको.

मग रिसीव्हरवर कोणती? विल्यम्स ही मिशिगनची कंपनी, त्यांची फूलप्रूफ आणि तिची स्वस्त धाकटी बहीण 5डी, दोन्ही बाजूने बसतात. फूलप्रूफला बाहेर आलेली बटणं नसतात, स्क्रूड्रायव्हरनेच सेटिंग बदलतं, त्यामुळे झुडपात अडकून नेम बिघडत नाही. लायमनची 66 पण बाजूनेच बसते. मोंटानाच्या स्किनरच्या साईट्स आणि टेक्सासच्या एक्सएसची घोस्ट रिंग, या वरच्या बाजूला, स्कोपसाठी असलेल्या भोकांत बसतात, बुटक्या आणि दणकट असतात. सतत काडतूस बदलून प्रयोग करणाऱ्याने फूलप्रूफ घ्यावी, एकदा झिरो करून (म्हणजे ठरावीक अंतरावर गोळी नेमाच्याच जागी जाईल अशी साईट लावून) पाच वर्षं हात न लावणाऱ्याने स्किनर. रायफल जुनी असेल तर आधी रिसीव्हरला भोकं आहेत का ते बघा. नसतील आणि ती 1964 च्या आधीची विंचेस्टर असेल तर ड्रिल मारायला देऊ नका हो, कलेक्टर लोकांच्या दृष्टीने तिची किंमत तिथेच पडते. तिला आहे तीच खाच राहू द्या आणि फक्त पुढचा मणी बदला.

आणि पुढच्या मण्याकडेच लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. मागच्या साईटवर पैसे घालतात, पुढे फॅक्टरीचाच मणी तसाच. मणी सहसा दोन मापांत मिळतो, इंचाचा 1/16 आणि 3/32. डोळ्यापासून पुढची साईट साधारण 30 इंचांवर धरली तर 1/16 चा मणी 100 यार्डांवर साडेसात इंचांची जागा झाकतो आणि 3/32 चा सव्वाअकरा इंचांची. व्हाईटटेल हरणाचा छातीचा जो भाग लागला पाहिजे तो साधारण आठ ते दहा इंचांचा असतो. म्हणजे मोठा मणी 100 वर तो पूर्ण भाग गिळून टाकतो, तुम्हाला कळतच नाही की मधोमध आहात की कडेला. उलट 40 यार्डांवर, दाट झाडीत, संध्याकाळी, तोच मोठा मणी पटकन डोळ्यात भरतो आणि लहान मणी शोधत बसावं लागतं. तेव्हा आपण कुठे बसणार आहोत ते आधी ठरवा, झाडीत की मोकळ्या शेताच्या कडेला. झाडी असेल तर 3/32, शेत असेल तर 1/16.

रंगाचं पण आहे. पितळी मणी सुंदर दिसतो, पण ऊन एका बाजूने आलं की त्याची तीच बाजू चमकते आणि डोळा चमकलेल्या भागालाच मध्य समजतो, मग गोळी उन्हाच्या विरुद्ध बाजूला सरकते. रेंजवर यासाठी लोक मेणबत्तीची काजळी धरून मणी काळा करतात, कागदावर मारायला तो झकास, पण संध्याकाळी तपकिरी हरणावर काळा मणी दिसत नाही. पांढरा मणी अंधारात उत्तम, बर्फावर मात्र गायब, आणि पेनसिल्व्हेनियात रायफल सीझन थँक्सगिव्हिंगनंतर असतो, तेव्हा बर्फ पडलेला असू शकतो. फायबर ऑप्टिक, लाल नाहीतर हिरवी काडी, ही पहाटे खरंच कामाची आहे, मला सुरुवातीला ती खेळण्यासारखी वाटायची. तिचा तोटा म्हणजे भर उन्हात ती इतकी चमकते की तिची कडाच फुगल्यासारखी दिसते, आणि काडी तुटू शकते. मण्याऐवजी काळी चौकोनी पोस्ट, म्हणजे उभी पट्टी, आणि तिच्यावर मधोमध पांढरी उभी रेघ असते ती मला सगळ्यात मधली वाट वाटते, वरची कडा सरळ असल्याने उंची नेमकी कळते, आणि अंधारात रेघ दिसते. मार्लिनच्या पुढच्या साईटवर टोपीसारखं हूड असतं, ते उन्हाची चमक अडवतं आणि मण्याला मार लागू देत नाही, पण दाट झाडीत तेच सावली पाडतं. माझं मत, नेताना लावायचं, बसल्यावर काढून खिशात.

बसवताना लोक जिथे अडकतात ते सांगतो. रायफल रिकामी आहे हे आधी दोनदा बघा, नळीखालच्या काडतुसांच्या ट्यूबमध्ये एखादं काडतूस अडकून राहू शकतं, लिव्हर उघडून बोट घालून बघा. पुढची साईट डव्हटेलमध्ये, म्हणजे आडव्या खाचेत, ठोकून बसवलेली असते. मागून बघताना ती डावीकडून उजवीकडे ठोकून काढायची आणि नवीन उजवीकडून डावीकडे घालायची अशी जुनी पद्धत आहे, पितळी पंच वापरा, लोखंडी वापरलात तर नळीवर ओरखडे. पीप लावल्यावर नळीवरची जुनी खाचवाली साईट काढून टाका, नाहीतर तीच भोकाच्या मधोमध येते आणि लोक म्हणतात पीपमधून काही दिसत नाही. रिकाम्या झालेल्या खाचेत बसवायला ब्लँक, म्हणजे खाच बुजवणारा तुकडा, मिळतो. स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून त्यांना निळं लॉकटाईट (स्क्रूचा गोंद), लाल नाही.

आणि एक गंमत, पीप लावली की बरेचदा रायफल वर मारायला लागते आणि पीप पूर्ण खाली आणली तरी वरच मारते. कारण नवीन मागची साईट जुन्यापेक्षा उंच बसते. उपाय पुढे आहे. नियम असा, मागची साईट ज्या दिशेला सरकवाल तिकडे गोळी जाते, पुढची सरकवाल त्याच्या उलट. म्हणजे गोळी खाली आणायची तर पुढची साईट उंच पाहिजे. किती उंच? साईट रेडियस गुणिले चूक भागिले अंतर. 24 इंच रेडियस, 100 यार्डांवर सहा इंच वर जातेय, तर 24 गुणिले 6 भागिले 3600, आलं 0.04 इंच, म्हणजे एक मिलिमीटर. अंदाजाने तीन मणी ऑर्डर करण्यापेक्षा हे वहीत करा.

चष्म्याचं विसरू नका. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर नेम धरताना आपण काचेच्या वरच्या भागातून बघतो, तो दूरचा नंबर, त्यातून मणी धूसर. डोळ्याच्या डॉक्टरला सांगून दूरच्या नंबरात साधारण अर्धा ते पाऊण नंबर प्लस घालून एक वेगळा चष्मा करून घेता येतो, मणी स्पष्ट आणि हरीण बऱ्यापैकी. मणी डोळ्यापासून किती इंचांवर येतो ते मोजून न्या, त्यांना तेच लागतं. एवढं करूनही मणी दिसत नसेल तर मग हट्ट करू नका, रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साईट) किंवा कमी पॉवरचा स्कोप लावा. जखमी हरीण अंधारात शोधत फिरण्यापेक्षा दिसायला बिघडलेली मार्लिन परवडली.

खरेदीआधी एक चाचणी करता येते, फुकट. रिकामी रायफल, सुरक्षित दिशा, डोळे मिटून खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. मणी भोकाच्या आत कुठेतरी दिसला तर दस्ता आणि साईटची उंची तुम्हाला जमते. मान वर करावी लागली किंवा गाल दाबावा लागला तर कितीही महाग साईट असो, घाईच्या क्षणी ती जुळणार नाही. सीझनचं जाड जॅकेट घालून करा हे, टी-शर्टवर नाही.

झिरो करताना आधी 25 यार्ड, मग 50, मग 100. .30-30 ची 170 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी साधारण 2200 फूट प्रति सेकंद वेगाने निघते, 100 वर झिरो केली तर 200 वर आठेक इंच खाली पडते, आणि तिथे 1/16 चा मणीसुद्धा 15 इंच झाकतो, म्हणजे हरणाची छातीच दिसत नाही. त्यामुळे 200 चं नावच काढू नका. आपलं अंतर किती ते शोधायला साध्या कागदी जेवणाच्या प्लेट आणा, नऊ इंची, त्यावर काहीही न काढता. टेबलवर टेकवून नाही, जंगलात जसे बसणार किंवा उभे राहणार तसेच, पाच गोळ्या. पाचही प्लेटमध्ये जातात ते शेवटचं अंतर तुमचं. कोणाचं 60 येतं, कोणाचं 110. आणि काडतुसाचा ब्रँड किंवा वजन बदललं की प्लेट परत लावायची, कारण 150 ग्रेन आणि 170 ग्रेन एकाच सेटिंगवर एकाच जागी जातील याचा भरवसा नाही.